बटण दाबलं, कुणी आलं नाही

अक्काचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. सकाळीच तिला वरच्या मजल्यावरून खालच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर हलवलं होतं. दुपारी तिचा धाकटा भाऊ, बारक्या, भेटायला आला तो जरा ऐटीतच. प्रत्येक खाटेशेजारी एक टॅब होता आणि त्यावर ‘नर्सला बोलवा’ असं मोठं हिरवं बटण. बारक्या प्रोग्रामर होता आणि ते बटण त्याच्या हातचं होतं.

“हे माझं काम बरं का, अक्का.”

“बघू तरी तुझा पराक्रम. पाणी हवंय मला.” अक्कानं बटण दाबलं. ते क्षणभर गडद झालं, पुन्हा हिरवं झालं. कुणी आलं नाही. “अगदी तुझ्यावर गेलंय,” ती म्हणाली. “हाक मारली तरी ओ देत नाही.”

तो हसला. पाणी त्यानंच दिलं आणि सहज म्हणून नर्सबाईंच्या टेबलापाशी डोकावला. तिथल्या पडद्यावर एकही हाक नव्हती.

“आज कसा शांत आहे वॉर्ड!” नर्सबाई खुशीत म्हणाल्या.

अक्कानं तर आत्ताच बटण दाबलं होतं.

परत येऊन त्यानं लॅपटॉप उघडला, टॅबला जोडला. बटण दाबलं की आपल्याला एक ओळ दिसावी, एवढीच सोय केली आणि दाबलं. ओळ आली नाही. जोरात दाबलं. नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना विचारून त्यांचं दाबलं, तर टेबलावर लगेच घंटी वाजली.

“तुम्हाला इथे कधी आणलं?” त्यानं बाईंना विचारलं.

“मी आठवडाभर इथेच आहे की.”

मग त्याच्या लक्षात आलं. पेशंटची खाट बदलली की टॅबवरचं पान नव्यानं तयार होत होतं. जुनं बटण जाऊन त्या जागी हुबेहूब तसंच नवं बटण येत होतं. पण दाबल्यावर काय करायचं, ही सूचना त्यानं जुन्या बटणाला बांधली होती. नवं बटण रंग बदलायचं, जिवंत दिसायचं, आणि ऐकणारं त्याच्यामागे कुणीच नसायचं.

तो धावतच टेबलाकडे गेला. “आज किती जणांना हलवलंत?”

“वर रंगकाम काढलंय ना, अख्खा मजला खाली आणलाय. का हो?”

“त्यांच्यापैकी कुणाचंच बटण चालत नाहीये. सकाळपासून. आधी माणसं बघा, बाई. बटण मी नंतर बघतो.”

नर्सबाई लगेच उठल्याच. दोघं एकेका खोलीत घुसत गेले. कुणाला कूस बदलायची होती, कुणाचं सलाईन संपलं होतं, एक बाई रडून रडून झोपली होती.

शेवटच्या खोलीत एक म्हातारे शिंपीकाका होते. ओठ निळे पडलेले, छाती भात्यासारखी हलत होती, आणि बोट बटणावर. नर्सबाई दाराबाहेर तोंड काढून ओरडल्या. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला. बारक्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

मग लॅपटॉप आणून तिथेच बाहेर फरशीवर बसून त्यानं दुरुस्ती केली. सूचना बटणाला न बांधता अख्ख्या पानाला बांधली, म्हणजे आतलं बटण कितीही वेळा बदललं तरी स्पर्श पोचेल. काम चार ओळींचं. झाल्यावर त्यानं प्रत्येक खाटेचं बटण स्वतः दाबलं, दर वेळी घंटी ऐकली. “चूक माझी आहे, नोंदवहीत तसंच लिहा,” त्यानं नर्सबाईंना सांगितलं.

संध्याकाळी तो शिंपीकाकांकडे गेला. त्यांचा रंग परत आला होता.

“फार वेळ दाबत होतात का, काका?”

“सकाळी दोन-तीनदा दाबलं. कुणी येईना. म्हटलं, आपला त्रास होत असेल, नर्सबाई चिडल्या असतील.” काका थोडं थांबले, दम घेतला. “म्हणून मग हळूच दाबत होतो.”