फक्त चिरंतचा बदल

चिरंतची एक खोड पुट्टतायम्मांना मुळीच खपत नसे. स्वतःचं काही बिघडलं की हा धाकटा लेक सगळंच मोडून मोकळा व्हायचा, म्हणजे बिघडवलं कुणी ते कुणाला कळायलाच नको.

आजही तेच. बंगळुरूच्या मल्लेश्वरममधलं त्यांचं लग्नाच्या जेवणाचं स्वयंपाकघर घरीच लिहिलेल्या प्रोग्रामवर चाले. त्यात ऑर्डर भरली की आचाऱ्यांसाठी चिठ्ठी छापून येई. मागे चिरंतने त्यात पाहुण्यांचा हिशेब बदलला होता, आणि उद्याच्या लग्नाची चिठ्ठी निम्म्याच होळिगेंची, म्हणजे पुरणपोळ्यांची, आली. निम्मी पंगत पुरणाविना उठणार!

"घाबरू नका, अम्मा. अख्खा प्रोग्राम महिनाभर मागे नेतो," चिरंत म्हणाला.

"आणि माझं काम?" थोरली सून सिंचना पुढे आली. "कांदा-लसूण वर्ज्यची खूण मी त्यानंतर घातलीय. तीही जाईल. उद्याचं लग्न माध्व ब्राह्मणांचं आहे, भावोजी!"

माध्वांच्या पानात कांदा पडला, तर त्यांच्या गल्लीत पुन्हा पाऊल ठेवायची सोय नव्हती.

"खूण काय, परत घालता येईल, वहिनी."

"कधी? वरात आल्यावर?" सिंचनाने लॅपटॉप ओढून घेतला. "तुमचा तेवढा बदल उलटवते. पुढचं सगळं जागच्या जागी राहील."

"हुळीच्या आमटीत मीठ जास्त पडलं तर तेवढंच मला काढता येत नाही गं. इथे येतं?" पुट्टतायम्मांनी सुनेला विचारलं.

"येतं, अत्ते. पण एका ओळीत त्यांचं आणि माझं एकमेकांत अडकलंय. तिथे काय ठेवायचं ते मलाच हाताने ठरवावं लागेल."

"ठरव. मी इथून हलत नाही."

चिरंत कुरकुरला, "असं केलं तर माझा बदल प्रोग्रामच्या इतिहासात माझ्या नावासकट तसाच दिसतो, अम्मा. तो उलटवला हेही दिसतं. मागे नेलं की मागमूस उरत नाही."

असं होय! पुट्टतायम्मांनी खुर्ची सरकवून त्याच्या आणि लॅपटॉपच्या मध्ये घेतली.

सिंचनाने ओळ निस्तरली, नवी चिठ्ठी छापली. होळिगे पुरेपूर, वर्ज्यची खूण ठसठशीत. पुट्टतायम्मांनी ती आत आचाऱ्याकडे धाडली आणि लेकाकडे वळल्या.

"चुकलास, त्याचं मला काही नाही. पण तोंड लपवायला वहिनीची मेहनत पुसायला निघालास! नाव दिसतंय ना तिथे? दिसू दे. आणि यापुढे सिंचनाला विचारल्याशिवाय तिथलं एक अक्षर मागे न्यायचं नाही."