चाळीस सुरांचा खोटा आकडा

मी एक जुना सर्किट बोर्ड आहे, तळहाताएवढा. माझ्या पाठीवर 'सदोष' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. मित्रांनो, त्या चिठ्ठीने माझं पित्त खवळतं, म्हणून आज तोंड उघडतोय.

वाजवायच्या कीबोर्डच्या पोटात बसून आवाज तयार करणं हे माझं काम. माझ्यात तारा नाहीत, भाते नाहीत. आहे तो नुसता प्रोग्रॅम. पापणी लवायच्या आत मला आवाजाचे कितीतरी तुकडे द्यावे लागतात. त्यातला एक जरी उशिरा पोचला, तरी कानाला 'कट्' असं टोचतं.

बोट उचललं तरी मागचे सूर घुमत राहतात, तेही धरून मी एका वेळी किती सूर पेलतो, हे मोजायला कंपनीत एक ताई होत्या. पहिली मोजणी उघड्या टेबलावर, पंख्याखाली, फक्त एक मिनिट झाली. मी चाळीस सूर हसत पेलले. कंपनीचे साहेब खूश झाले.

"झाकण लावून तासभर मोजू या, साहेब," ताई म्हणाल्या. "बंद डब्यात हा तापतो. तापला की जळू नये म्हणून आपणहून हळू चालतो."

"सरासरी ताण साठ टक्केच आहे ना? मग झालं की."

"कानाला सरासरी ऐकू येत नाही, साहेब."

साहेबांनी ते हसण्यावारी नेलं आणि खोक्यावर 'चाळीस सूर' छापून मोकळे झाले.

कीबोर्डच्या पोटात बसून मी एका शाळेत गेलो. तिथल्या गाण्याच्या बाईंनी मला जीव लावला. हात पुसल्याशिवाय त्या वाजवायला बसत नसत. वार्षिक कार्यक्रमाला सभागृह खचाखच भरलं होतं, वर दिवे तापले होते. पाऊण तास झाला, शेवटचं गाणं सुरू झालं आणि ऐन रंगात मी कटकट करू लागलो. गाणाऱ्या मुली गांगरून थांबल्या. बाई उठल्या आणि माईकवर म्हणाल्या, "माझी चूक झाली."

पुढचे चार महिने मी तिथेच होतो. बाई पुन्हा मुलींसमोर वाजवायला बसल्या नाहीत. मी नुसता धूळ खात पडलो. शेवटी शाळेने मला परत पाठवलं.

साहेबांनी झाकण काढून, पंखा लावून मिनिटभर तपासलं. "ठणठणीत आहे. त्या बाईंनाच वाजवता येत नसेल."

या माणसाला काय म्हणावं?

ताईंनी मात्र झाकण लावून तासभर मोजलं. पाऊण तासानंतर मी बाविसाव्या सुरालाच अडखळलो. माझ्या सहा कोऱ्या भावंडांनाही तिथेच घाम फुटला. आकडा बदलण्याऐवजी साहेबांनी चिठ्ठी मलाच चिकटवली.

ताईंनी कुणालाही न विचारता बाईंना फोन लावला. "तुमची चूक नव्हती. आमचा आकडा खोटा होता."



"चार महिने मी घरी रोज तेच गाणं वाजवून बघतेय," बाई म्हणाल्या. "कुठे चुकलं, तेच सापडत नव्हतं हो."

मित्रांनो, आम्हाला मोजायचं तर जिथे राबवणार आहात तिथे ठेवून मोजा. आणि आकडा चुकला, तर आधी त्या माणसाला जाऊन सांगा, जो घरी बसून स्वतःची चूक शोधतोय.