पूर्वीचे नाव : नाही

ज्या सकाळी नव्या खनिजाला 'घैसासाइट' हे नाव मंजूर झालं, त्या सकाळी प्राध्यापकांपाशी त्यांचं नाव उरलं नाही. खनिजांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा नियमच तसा आहे, एक नाव एकाच वस्तूला. दारावरची पितळी पाटी कोरी झाली. सही करायला पेन टेकवलं की शाईचा ठिपका तेवढा पसरायचा. बायकोला मात्र काडीचा फरक पडला नाही. एकतीस वर्षं ती त्यांना 'अहो' म्हणत आली होती, तशीच म्हणाली आणि हातात भाजीची पिशवी दिली.

प्राध्यापकांनी ते हसण्यावारी नेलं. सत्तावीस देशांच्या तज्ज्ञांनी हात वर करून आपलं नाव दगडाला द्यावं, मग पाटीचं काय घेऊन बसायचं! पण दुपारी आडवे झाल्यावर त्यांना आई आठवली. लहानपणी गच्चीच्या जिन्याखाली उभी राहून ती हाक मारायची. आता ती तिथेच उभी होती, तोंड उघडत होती आणि आवाज येत नव्हता. एकदा, दोनदा, तीनदा. प्राध्यापक ताडकन उठून बसले. आपलं नाव परत आणायचंच, असं त्यांनी ठरवलं.

तसं पाहिलं तर हे सगळं त्यांनीच ओढवून घेतलं होतं. खनिजाला स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही. तेव्हा त्यांनी प्रागच्या एका मित्राशी साटंलोटं केलं होतं. मित्राच्या दगडाला मित्राचं नाव प्राध्यापकांनी सुचवायचं, ह्यांच्या दगडाला ह्यांचं मित्रानं. दोघांनी एकमेकांची विनयाबद्दल तारीफही केली होती.

ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले आणि नमुन्यांच्या कपाटाचा तिसरा ड्रॉवर ओढला. तो ओढतच गेला. खोली संपली, व्हरांडा संपला, तरी ड्रॉवर येतच होता. शेवटी ते आत उतरून चालू लागले. दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या खोक्यांत कापसावर आयोगाचे सभासद बसले होते. प्रत्येकाच्या गळ्यात देशाच्या नावाची चिठ्ठी होती. टोकाला फिनलंडच्या अध्यक्षीणबाई होत्या. त्यांच्या शेजारच्या खोक्यात, पदर सावरून, हणमव्वा बसली होती. तिच्या गळ्यात चिठ्ठी नव्हती.

तिला पाहताच प्राध्यापकांचे कान तापले. पुण्याच्या पूर्वेला एका खडीच्या खाणीत हणमव्वा दगड फोडायची. तिनंच एका काळ्या दगडाची पोकळी त्यांच्यापुढे धरली होती. आत फिकट निळा, नखाएवढा पापुद्रा होता. "सायेब, ही बगा साय," ती म्हणाली होती. "दुदावर धरती तशी दगडावर धरलीया. माजी आई बी सायच म्हनायची." सगळी खाण त्याला सायच म्हणायची. प्राध्यापकांनी तो तुकडा रुमालात बांधून नेला. आयोगाच्या अर्जात 'शोधकर्ता' ह्या रकान्यात त्यांनी स्वतःला घातलं. 'पूर्वीचे नाव' ह्या रकान्यात लिहिलं, 'नाही'. खाणीतल्या बाया काय म्हणतात ते कुठे नाव असतं का, असं त्यांनी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. ते फारसं पटलं नव्हतं.

"नमुना बिननावाचा आहे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "तपासा."

जपानचे सभासद खोक्यातून उतरले आणि त्यांनी प्राध्यापकांच्या दंडावर नख ओढलं. पांढरी रेघ उठली.

"मऊ," त्यांनी सांगितलं. सत्तावीस पेन्सिली चालल्या.

"मला माझं नाव परत हवंय," प्राध्यापक म्हणाले.

"ते खनिजाचं आहे."

"खनिजाला नाव होतं. आधीपासून."

"अर्जात 'नाही' लिहिलंय."

"खोटं लिहिलं मी."

बोलताना त्यांनी हणमव्वाकडे पाहिलं नाही. दगडाला त्याचं नाव मिळालं की आपलं आपल्याला मिळेल, हा सौदा मनात होता. खरं बोलतानाही आपण आपलंच बघतोय हे त्यांना कळत होतं आणि त्याची शरम वाटत होती. पण जिन्याखाली आई अजून तोंड उघडून उभी होती.

"काय नाव होतं?"

"साय. ह्या बाईंनी सांगितलेलं. दगड त्यांनाच सापडला."

सत्तावीस दुभाष्यांनी तो शब्द सत्तावीस कानांत सोडला. सभासदांनी तो जिभेवर घोळवून पाहिला. लहान आहे, सोपा आहे, असं एकमेकांना सांगितलं.

"नोंद घेतली," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "मंजूर नाव मागे घेता येत नाही. खनिज घैसासाइटच राहील. जुनं नाव त्यामुळे मोकळं झालं आणि इथे एक नमुना बिननावाचा आहे. ते ह्यांना द्यावं, असा प्रस्ताव आहे. कोणाची हरकत?"

कोणी हलेना. हणमव्वाचा दुभाषा कोणी नव्हता. तिनं पुढे वाकून विचारलं, "काय म्हनत्यात वो सायेब?"

तिला सांगू शकेल असा त्या ड्रॉवरमध्ये एकच माणूस होता. 'तुमचा शब्द मला देतायत, नको म्हणा.' एवढं एकच वाक्य. ते प्राध्यापकांच्या जिभेवर आलंही. पण नाव नसलेला माणूस म्हणून मरायची त्यांना भीती वाटली. कुठलंही चालेल, पण नाव हवं होतं.

"काही नाही," ते म्हणाले.

"अनुकूल?"

सत्तावीस हात वर गेले. सगळ्यांनी केला म्हणून हणमव्वानंही हात वर केला. मोठ्या माणसांत बसून आपणच कसं गप्प राहायचं! तिच्या तळहातावरचे घट्टे प्राध्यापकांना उभ्या जागेवरून दिसले. त्यांनी मान खाली घातली.

"एकमतानं मंजूर."

मग चहा आला. सभासदांनी प्राध्यापकांचे हात हातात घेऊन नव्या नावानं अभिनंदन केलं. ते नाव त्यांना अंगाबरोबर बसलं आणि ह्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. हणमव्वाला कोणी काही बोललं नाही. कप हातात धरून ती आपली पाळी येईल म्हणून थांबली, तोवर चहा निवून गेला. त्यावर पातळ, सुरकुतलेला थर धरला. तिनं तो बोटानं उचलला आणि निरखून पाहिला. तिचे ओठ हलले. काहीच येईना तशी ती गोंधळून हसली आणि प्राध्यापकांपाशी आली.

"अवो साय," ती म्हणाली, "ह्येला काय म्हनत्यात वो?"

आणि बोट पुढे धरून उभी राहिली.