गुरुवारचा भोंगा

प्रयागबाईचा गळा म्हणजे गळा. साठी उलटली तरी तिनं भजनात पहिला सूर लावला की थेट धनजच्या फाट्यापर्यंत ऐकू जायचा. त्याचा तिला गर्वही होता, आणि का नसावा? पण त्या दिवशी चक्कीवर दळणाच्या रांगेत संस्कृतीनं जे सांगितलं, त्यानं त्या गर्वाचं पार पीठ झालं.

संस्कृती म्हणजे रामकिसनची सून. घर मारुतीच्या देवळाला अगदी लागून. नवरा गोलू. तीस वर्षांचा बाप्या, ट्रॅक्टर चालवतो, मिशीला पीळ देतो, पण गावासाठी अजून गोलूच. तो बायकोला मारतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. "गोलूच तो, तापट हाय जरासा," म्हणायचे लोक. "सोसते तिचं घर टिकते. रीतच हाय बायकांची." एवढं बोललं की ज्याचा तो मोकळा.

"मावशी," संस्कृती गालावर पदर ओढत म्हणाली, "गुरुवारचं भजन जरा लवकर आटपत जा ना."

"काहून वं?"

"तुमचं भजन सुरू झालं का त्याले जोर येते. भोंग्याच्या पुढं माहा आवाज बाहीर जात नाही ना."

प्रयागबाईनं दळणाचा डबा उगाच पुढं सरकवला. तिला काय ठाऊक नव्हतं? भिंतीपलीकडून किंकाळी आली की देवळाचा पंच म्हणून मिरवणारा रामकिसन हळूच भोंग्याच्या मशीनचं बटण फिरवायचा, भोंगा वाढायचा, आणि ही बया आणखी वरचा सूर लावायची. दोन वर्षं, देवाचं नाव घेऊन. त्या दिवशी घरी येऊन तिनं भाकरीला हात लावला नाही. स्वतःची एवढी किळस तिला जन्मात आली नव्हती.

गुरुवारी दिवेलागणीला भजन चांगलं रंगात आलं, तोच भिंतीपलीकडं काहीतरी आपटलं. रामकिसनचा हात बटणाकडं गेला. आणि प्रयागबाई थांबली. ओळ अर्धी टाकून थांबली. टाळ थांबले, मृदंग थांबला, माईक तेवढा चालूच होता. त्यातून साऱ्या गावानं ऐकलं, "नका मारू हो, पाया पडते."

कोणी कोणाकडं बघेना.

"म्हणा ना, काहून थांबल्या?" रामकिसन घाईघाईनं म्हणाला.

"बसला माहा गळा," प्रयागबाई उठली. "आता राह्यलेलं भजन तुमच्या दारात म्हणू."

"आमच्या दारात? कायले?"

"भाऊ, दारात भजन आलं तर घरानं काय करा लागते? तुमीच तं शिकवलं गावाले."

रामकिसनला ती रीत तोंडपाठ होती. दार उघडायचं, घरच्या सुनेनं ताट घेऊन बाहेर यायचं, भजनाला ओवाळायचं. भजन परत धाडलं त्या घराला गावात तोंड दाखवायला जागा नाही. त्यानं बटणाकडं गेलेला हात मागं घेतला.

सात-आठ बाया उठल्या. बाकीच्या बसूनच राहिल्या, खोटं कशाला सांगा.

दार उघडायला वेळ लागला. गोलू घामाघूम. "काकू, मंग या."

"देव मंग येत नसते, बाबू. सुनेले ताट घेऊन पाठव."

संस्कृती आली. ओठ फुटलेला, हातात ताट. ते बघून प्रयागबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं ताट काढून मागून आलेल्या रामकिसनच्या हातात दिलं आणि स्वतःचे टाळ पोरीच्या हातात ठेवले.

"चाल. आज माह्या घरी राह्य. उद्या सकाळच्या एसटीनं कारंजाले, ठाण्यात. मी हावो ना संगं. येतं का?"

संस्कृतीनं एकदा गोलूकडं पाहिलं. मग मान हलवली.

"घरची सून अशी उंबरा ओलांडत नसते, प्रयागबाई," रामकिसन म्हणाला.

"भजनासंगं ओलांडते, भाऊ. हेही रीतच हाय."

गोलू पुढं सरकला, पण आठ बाया टाळ घेऊन दारात उभ्या होत्या आणि अख्खी गल्ली ओट्यांवर आली होती. तो जागीच थांबला. संस्कृतीला मधे घेऊन बाया निघाल्या, तशा देवळात बसून राहिलेल्यांतल्याही तिघी धावत येऊन मिळाल्या.

संस्कृतीनं टाळ कधी धरला नव्हता. तिचा ठेका सारखा चुकत होता, ती ओशाळून थांबली.

"मावशी, माहा बेताल वाजून राह्यला."

"वाजू दे," प्रयागबाई म्हणाली. "आवाज तं बाहीर येऊन राह्यला ना."