सातव्या मजल्यावरची टोपली

नुहादच्या खिडकीसमोरून रोज सकाळी दहाला एक टोपली खाली जायची. सातव्या मजल्यावरून तिचे बाबा ती दोरीने सोडायचे, खाली पाववाला तिळाचे पाव त्यात टाकायचा आणि टोपली डुलत डुलत वर जायची. बैरुतमध्ये लिफ्टच्या भरवशावर कोण बसतो?

आज पाववाला ओरडून ओरडून निघून गेला. टोपली आली नाही.

नुहादने शिलाई थांबवली आणि फोनवर पाहिलं. बाबा खुर्चीत बसले होते, चहाचा पेला ओठांशी. हिवाळ्यात एकदा पडले, तरी हट्टी म्हातारा दुसऱ्या मजल्यावर लेकीकडे राहायला येईना. शेवटी तिने त्यांच्या खोलीत कॅमेरा बसवला. तिच्या घरचं वायफाय सातव्यापर्यंत पोचेना, म्हणून मधे चौथ्यावर, शेजारीण उम्म नसरीच्या घरात, ते पुढे पाठवणारा छोटा डबा लावला. बाबा तेव्हा म्हणाले होते, "झकास. म्हणजे मी हात हलवला की तू हजर."

दिसतायत की बाबा. मग उगाच जीव का टांगणीला लावायचा? तिने दोन टाके घातले असतील नसतील, हात थांबला. चहा प्यायला माणसाला एवढा वेळ लागतो?

तिने पुन्हा पाहिलं. पेला ओठांशीच होता. बाबांच्या मागच्या घड्याळात सव्वानऊ वाजले होते. तिच्या भिंतीवर साडेदहा.

चित्र तिथेच अडकलं होतं. तिने बाबांना फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. ती तशीच अनवाणी जिन्याकडे पळाली.

चौथ्यावर उम्म नसरीचं दार उघडंच होतं. आत कपडे धुण्याचं मशीन घुरघुरत होतं.

"मावशी, तो डबा?"

"तो होय? काढला गं सव्वानऊला. सरकारी वीज गेली, आणि जनरेटरचे माझ्या वाट्याला मेले पाच अँपिअर. मशीन लावून तुझा डबा चालू ठेवला तर खटका नाही का पडणार? धुणं झालं की लावते. अगं, तोंड का असं पांढरंफटक?"

नखाएवढी वीज खातो तो डबा! पण फोन चार्ज करायलासुद्धा फ्रीज बंद करणाऱ्या बाईला कोण काय समजावणार? नुहाद धावत सुटली. पाचवा मजला, सहावा. सव्वा तास ती एका जुन्या चित्राकडे बघत निवांत शिवत बसली होती. देवा, मला काहीही कर, त्यांना नको. तिने बाबांच्या घराची किल्ली कुलुपात फिरवून दार ढकललं.

बाबा बाल्कनीच्या दाराशी आडवे पडले होते. टोपलीची दोरी मनगटाला, एक पाय भलताच वळलेला, ओठ सुकलेले. आणि उजवा हात कॅमेऱ्याच्या दिशेने हळूहळू हलत होता.

"आलीस?" ते पुटपुटले.

ती खाली बसली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "कुणाला हाक तरी मारायची, बाबा. पूर्वी पाण्याच्या पाइपवर चमचा वाजवायचात, तसा वाजवायचा."

"चमचा हाताशीच होता गं. पण म्हटलं, शेजाऱ्यांना कशाला त्रास? तू बघतेयस ना. हातातली शिलाई संपवून येशील." त्यांनी तिचा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. "बघत होतीस ना?"

"हो बाबा," नुहाद म्हणाली. "बघतच होते."