वापरात नसलेली घरं

कुलपाच्या भोकावर कोळ्याने जाळं विणलं होतं. हीनाने वाकून पाहिलं. त्यावर धूळ फारशी नव्हती, दिवाळीनंतरचंच असावं. वर दारावर औद्योगिक वसाहतीसाठी वाडीची जागा घेण्याची नोटीस डकवलेली होती. हरकतींची मुदत परवाच संपली होती.

मागच्या जानेवारीत नियोजन कार्यालयासाठी या वाडीची पाहणी तिनेच केली होती. दोनदा येऊनही दार बंद दिसलं तर ‘वापरात नाही’ लिहायचं, असा नियम. त्रेसष्ट घरांपुढे तिने तसं लिहिलं. पाटोद्याच्या बाजारात वाढलेली ती. ऊसतोडीला निघालेले भरगच्च ट्रक तिने लहानपणापासून पाहिलेले. तरीही लिहिलं. पुढे जूनमध्ये इथून जाताना घराघरातून धूर निघताना दिसला. तोवर फाईल वर गेली होती, आणि तिची नेमणूक कंत्राटी होती.

“गेल्या साली माज्याकडं पाणी पिऊन गेलतीस ना गं, पोरी?”

मागून आलेल्या छबुबाईंनी कमरेच्या जुडग्यातली किल्ली शोधून कुलूप काढलं. तोडीला गेलेल्यांच्या घरांची राखण त्यांच्याकडे असे. आत तोंड लिंपून ठेवलेली कणगी होती. दोरीवर शाळेचा लहानसा गणवेश, नीट घडी घातलेला.

“सटवाच्या लेकीचा. तिसरीत हाय. पर शाळा थोडीच जाती फडावर?”

“ही नोटीस कुणाला दाखवली का, आजी?”

“मला कुठं वाचता येतंय? मला वाटलं, पोलिओवाल्यांनी डकवली.”

वसाहतीबाबतची सुनावणी त्याच दुपारी देवळासमोरच्या मांडवात होती. खुर्च्या मांडल्या होत्या शंभर. सरपंच अर्जुनराव पहिल्या रांगेत ऐसपैस बसले होते. त्यांच्याच रानाला वसाहतीचा रस्ता लागून भाव चढणार होता.

“हरकत घ्यायला माणूसच न्हाई, मॅडम,” ते हसले. “मारुतीला इचारू का?”

छबुबाई कडेला मातीतच बसल्या. खुर्चीवर बसा, असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

सुनावणी घ्यायला आलेल्या नियोजन कार्यालयाच्या साहेबांनी अहवालाचं शेवटचं पान वाचलं. “राहती घरं, चार. हरकती, शून्य. पाहणी तुमचीच आहे, हीना मॅडम. कायम करायची ना? आज सही झाली की उद्या मंजुरी.”

त्यांनी पेन पुढे केलं. हीनाने ते घेतलं, टोपण लावलं आणि कागदाशेजारी ठेवलं.  

“नाही, सर. राहती घरं सदुसष्ट आहेत. माणसं तोडीला गेली आहेत. मी चुकीचं लिहिलं.”

अर्जुनरावांचं हसू थांबलं.

“आणि हे मला जूनपासून माहीत आहे.”