रखमाजीची चालती घोडी

मित्रांनो, कीर्तनकारांच्या खांद्यावर बसून ज्याने वर्षानुवर्षे हरिकथा ऐकली, असा मी एक जुना रेशमी शेला. तळेगावात रखमाजी कोष्ट्याच्या मागावर मी १९१६ साली जन्मलो.

रखमाजीने बेडशाच्या लेण्यातले खांबांवरचे दगडी घोडे पाहिले होते. तेच त्याने माझ्या डाळिंबी अंगाच्या जरीकाठात चालते करून उतरवले. कागदावर एक रेघ नाही. सारी नक्षी डोक्यात आणि बोटांत. कीर्तनकार शेला झटकून खांद्यावर टाकतात, तेव्हा दोन्ही बाजू लोकांना दिसतात. म्हणून त्याने मला असे विणले की, उलट कोणती नि सुलट कोणती, हे भल्याभल्यांना सांगता येऊ नये.

लोणावळ्याचे कीर्तनकार गोपाळकृष्णबुवा यांना त्याने मला भक्तीने अर्पण केले. रामनवमीच्या कीर्तनात पूर्वरंग संपला, बुवांना बुक्का लावला, तेव्हा म्हातारे भिमाजी म्हणाले, "बुवा, आज तुमच्यापरीस शेलाच जास्त बोलतोय!"

"बोलू द्या भिमाजी, त्या निमित्तानं तुम्ही जागे तरी राहाल!"

मंडप हसला. मागे बसलेला रखमाजी मात्र डोळे पुसत होता.

तेरा वर्षांनी बुवा गेले, पाठोपाठ रखमाजीही. बुवांच्या पत्नी मुक्ताबाईंनी मला घडी घालून देव्हाऱ्यात ठेवले. दर एकादशीला माझ्यावर बुक्का नि तुळस वाहायच्या, पण घडी कधी मोडली नाही. मान मोठा होता मित्रांनो, पण माझा श्वास कोंडला होता.

रखमाजीची लेक अंबूबाई बापाचा माग चालवत होती. एकदा ती आली.

"माई, एकडाव शेला उलगडा. आबांची घोडी मला जमंनात. माजी नुसती उभी ऱ्हातात, चालत न्हाईत. आता ही नक्षी हितंच उरलीय."

"अगं, बुवांच्या अंगावरचं वस्त्र ते. घडी नाही मोडायची."

अंबूबाई गेली, पुढल्या वर्षी पुन्हा आली.

"माई, बुवा तर ह्यो पसरून दाखवायचे. म्हनायचे, बघा रे, रखमाजीची घोडी!"

मुक्ताबाईंनी हात जोडले आणि मला उचलले. बारा वर्षांची घडी! उलगडताना मी प्रत्येक दुमडीवर चरचर फाटत गेलो.

"मीच मारला गं याला!" मुक्ताबाई म्हणाल्या.

अंबूबाईने मला पाटावर हलक्या हाताने पसरले. दोन चिरांच्या मध्ये एकच घोडा अखंड राहिला होता. त्याच्या खुरांवरून तिने नख फिरवले, एकेक धागा मोजला.

"आबा, मागला पाय उचललेला व्हय! मी फुडलाच उचलीत बसले."

आणि ती हसता हसता रडू लागली. मुक्ताबाईंनी तिला जवळ घेतले.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला नुसते पूजेत ठेवू नका. रेशमाला सावलीत वारा दाखवा, त्याची घडी दर वेळी बदला. आणि शिकू पाहणारा हात दारी आला, तर त्याला परत पाठवू नका. अंबूबाई एक वर्ष आधी आली होती, तेव्हा माझे किती घोडे शाबूत होते, कोण जाणे.